सात ते आठ

मला थांबता येत नाही. दूध वर येईपर्यंत गॅसपाशी उभं राहायचं, चौथा प्रवासी मिळेपर्यंत रिक्षात बसून राहायचं, रेशनच्या दुकानात पुढच्या बाईचा अंगठा मशीनवर उमटेपर्यंत गप्प राहायचं, यातलं काहीच माझ्याच्याने होत नाही. पाय आपोआप हलायला लागतो. आई म्हणते, जन्मालाही मी पंधरा दिवस आधीच आले, दवाखान्याची पिशवी भरायलासुद्धा तिला सवड दिली नाही. आमच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, तेही माझंच काम. त्याचा फायदा काडीचा नाही, कारण घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो. तरी ते बरोबर लावायला माझा हात जात नाही. तेवढी दहा मिनिटं तरी आपण कुणाच्या तरी पुढे आहोत असं वाटतं.

अशा बाईला काम मिळालं ते घड्याळाशी खेळणाऱ्या लोकांचं. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी सुरतमध्येच पर्वत पाटियाजवळच्या एका क्लासमध्ये गणित शिकवलं. मग एका कंपनीत घरबसल्या शिकवण्याचं काम लागलं. अमेरिकेच्या पार पश्चिमेच्या टोकाची चार मुलं, आठ-नऊ वर्षांची, त्यांना मी लॅपटॉपवर गणित शिकवायचे. तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमच्या लिंबायतमध्ये दुसऱ्या दिवशीची सकाळ होत असे. त्यांच्याकडे शाळा सोमवार ते शुक्रवार, म्हणून माझा क्लास मंगळवार ते शनिवार. रविवार-सोमवार सुट्टी. मी हे काम धरलं ते उन्हाळ्यात आणि तेव्हा क्लासची वेळ सकाळी सहा ते सात होती.

ही वेळ मला फार आवडायची. आमचं घर म्हणजे एक लांबट खोली, मागे स्वयंपाकाचा ओटा आणि ओट्याला लागून मोरी. आत जायचं तर माझ्या खुर्चीच्या मागूनच जावं लागतं, म्हणजे जाणारा माणूस थेट अमेरिकेत दिसणार. कंपनीची अट अशी की मागे कोरी भिंत हवी आणि घरातला आवाज येता कामा नये. प्रत्येक क्लास रेकॉर्ड व्हायचा आणि महिन्याअखेर मुलांचे आईबाप तारे द्यायचे. तारे कमी पडले की मुलं काढून दुसऱ्या शिक्षिकेला. म्हणून मी दार लावून घ्यायचे, भिंतीवरचं कॅलेंडर खुंटीसकट काढून ठेवायचे आणि आई तेवढा वेळ ओट्यापाशी मेथी निवडत बसायची. कुकर लावायची नाही. सात वाजता क्लास संपला की पहिली शिट्टी व्हायची आणि सात-वीसला आबा यायचे.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षांपूर्वी धुळ्याकडून सुरतला आले ते लूमवर, यंत्रमागावर. इकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. आबांच्या खात्यात दोनच पाळ्या, सकाळी सात ते संध्याकाळी सात आणि संध्याकाळी सात ते सकाळी सात. आबा कायम रातपाळीला. लूम बंद ठेवायचा नसतो, म्हणून एका माणसाने हात काढला की दुसऱ्याने तिथेच हात घालायचा. त्याला जोडीदार म्हणतात. जोडीदार आल्याशिवाय आपण निघायचं नाही, मग तो कितीही उशिरा येवो. आबांचे जोडीदार धुळ्याकडचेच, मी त्यांना काका म्हणायचे. बारा तास एक जण आणि बारा तास दुसरा, त्याच बारा लूमवर. इतकी वर्षं दोघांची भेट व्हायची ती दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं.

घरी आले की आबा पाय धुवायचे, भाकरी खायचे आणि आठच्या आत आडवे व्हायचे. आठ ते बारा ही त्यांची खरी रात्र. बारानंतर गल्लीत भाजीची हातगाडी, जिला इकडे लारी म्हणतात, भंगारवाला, शाळेतून सुटलेली पोरं आणि पत्र्याचं ऊन. मग झोप लागते ती नुसती पापण्यांची. रातपाळीच्या माणसाला झोप म्हणजे काय ते आमच्या गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लूमवर डुलकी लागली तर तार, म्हणजे धागा, तुटलेला दिसत नाही, हे झालं कमीत कमी. जास्तीत जास्त काय होतं तेही आम्ही शेजारीपाजारी पाहिलेलं आहे. म्हणून आबा झोपले की आई भांडीही दुपारी घासते.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी मी सहाला पाच कमी असताना लॅपटॉप उघडून बसले. सहा वाजले. पडद्यावर माझा एकटीचा चेहरा. सहा-पाच झाले. इंटरनेट गेलं असेल म्हणून मोबाईलचं लावून पाहिलं. सहा-दहाला पाय हलायला लागला. चारही मुलं एकदम आजारी पडली की चारही घरांनी मला एकदम काढून टाकलं, या दोन गोष्टींपलीकडे मला काही सुचेना. माझा स्वभावच असा की रिकामा वेळ मिळाला की त्यात आधी संकट भरते. पावणेसातला कंपनीतल्या मॅडमचा निरोप आला. आजपासून हिवाळी वेळ, क्लास सात ते आठ, शुक्रवारीच मेल गेला आहे. मेल आला होता. मीच तो उघडला नव्हता, कारण कंपनीच्या मेलमध्ये बहुतेक शुभेच्छाच असतात.

तर झालं होतं असं. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात. मार्चमध्ये एका रविवारी सगळे लोक आपापली घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये एका रविवारी तासभर मागे. त्यांनी घड्याळ मागे केलं, आपण केलं नाही, म्हणून त्यांचे तेच साडेपाच आता आमच्याकडे सहाऐवजी सातला वाजणार. सगळा देश एका दिवसात तास मागे घेतो आणि मला पत्ता नाही, याचाच मला जास्त राग आला.

सातला मुलं आली ती पेंगुळलेली. त्यांच्या खिडक्यांबाहेर मिट्ट अंधार होता. कालपरवापर्यंत याच वेळी तिथे ऊन असायचं. एक मुलगी म्हणाली, आमचा कुत्रा जुन्या वेळेलाच जेवण मागतो, त्याला कुणी सांगितलंच नाही. एकाची आई मागून बोलली की हे थोतांड आता बंदच करायला पाहिजे, दर वर्षी आठवडाभर घरात सगळ्यांची डोकी फिरलेली असतात. दुसऱ्या मुलाने मला विचारलं, तुम्ही तुमचं घड्याळ बदललं का? मी म्हटलं, आमच्याकडे बदलत नाहीत. तो म्हणाला, मग तुम्ही नशीबवान आहात. मी हसले. पुढे मला ते हसू बरेचदा आठवलं.

सात-वीसला दार उघडलं. आबा रोजच्यासारखे आत आले, डबा खाली ठेवला, खाकरले आणि माझ्या मागून मोरीकडे जाऊन नळ सोडला. रात्रभर लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. पाय धुता धुता ते काहीतरी गुणगुणत होते. पडद्यावर मुलं खुदकन हसली. एकाने विचारलं, तो कोण? मी आवाज बंद केला आणि मान न वळवता म्हटलं, "आबा, जरा बाहेर थांबा ना. क्लास आहे. आठला संपेल."

नळ बंद झाला. आबा माझ्या मागून वाकून गेले, पडद्यात दिसू नये म्हणून. दार हळूच लागलं.

आठला मी दार उघडलं तेव्हा ते पायरीवर बसले होते. पाय ओलेच होते, चपला हातात. नोव्हेंबरची सकाळ, तशी काही थंडी नव्हती. माझ्या डोक्यात ताऱ्यांची काळजी होती आणि ओट्यापाशी आईचा कुकर खोळंबला होता. ते आत आले, जेवले, झोपले. मी तेवढ्यावर तो दिवस विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी आबा आले ते आठ-दहाला. तिसऱ्या दिवशीही आठ-दहाला. आईने विचारलं तर म्हणाले, "जोडीदार उशिरा येस." आबा घरात अहिराणीच बोलतात. मी शाळेतली मराठी बोलते आणि आई दोन्ही बोलते, समोर कोण आहे ते बघून. जोडीदार उशिरा येतो, एवढंच उत्तर. मला ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून पटलं. क्लास आठला संपतो आणि आबा आठ-दहाला येतात, यापेक्षा चांगलं काय जमून येणार. देवानेच वेळ लावून दिली असं मी आईला म्हटलंसुद्धा.

त्या दिवसांत जेवताना मी आबांना तिकडच्या घड्याळाची गंमत सांगितली होती. मला वाटलं, हसतील. त्यांनी घास हातातच ठेवला आणि विचारलं, "मंग तथला रातपाळीवाला तेरा तास उभा ऱ्हास का?"

मी म्हटलं, म्हणजे?

त्यांनी समजावून सांगितलं. रात्री घड्याळ तासभर मागे घेतलं तर तेवढा तास पुन्हा होणार. जो माणूस पाळीवर उभा आहे त्याला तो दोनदा काढावा लागणार. जोडीदार तर आपल्या घड्याळाप्रमाणेच येणार. मग मधला तास लूमवर कोण? मी गणित शिकवणारी बाई, मला हा प्रश्न पडला नव्हता. मी मोबाईलवर शोधून पाहिलं आणि म्हटलं, हो, तिकडे दवाखान्यांत आणि कारखान्यांत त्या रात्री पाळीवर असतात त्यांना एक तास जादा उभं राहावं लागतं. आबांनी मान हलवली. त्या न पाहिलेल्या माणसाचं त्यांना वाईट वाटलं हे मला दिसत होतं आणि मला त्याचीही गंमतच वाटली.

डिसेंबर गेला. जानेवारीत आबांचे डोळे लाल दिसायला लागले. आठ-दहाला येणार, जेवून नऊला पडणार आणि बारापासून गल्ली जागी. दुपारी दोनला उठायचे ते डोकं धरून. एके दिवशी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला चिंधी बांधून आले. विचारलं तर म्हणे, कापडाच्या कडेने कापलं. आईने चिंधी सोडून पाहिलं. नखाच्या बाजूने मांस निघालं होतं. कापडाने असं कापत नाही, हे तीस वर्षं लूमवाल्याचा संसार केलेल्या बाईला सांगायला नको. ती त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, यांना लूमवर डुलकी लागायला लागली आहे, आज बोट गेलं, उद्या हात जाईल.

मला भीती वाटली आणि भीती वाटली की मला राग येतो. राग काढायला कुणीतरी लागतं. तो मी जोडीदार काकांवर काढला. रोज तासभर उशिरा येणारा माणूस, त्याला आपल्या जोडीदाराची लाज नाही का? बरं, रविवारी आणि सोमवारी आबा बरोबर सात-वीसला घरी असायचे. म्हणजे त्या दोन दिवशी काका वेळेवर येत होते. मी आईला म्हटलं, बघ, जमतं त्यांना, मनात आलं की जमतं. रविवारी बायको लवकर उठवत असेल. शेठला सांगा, पाळी बदलून घ्या, असं मी आबांच्या मागे लागले. आबा म्हणायचे, जाऊ दे, माणूस चांगला शे. मी चिडायचे. आमचं सगळं आयुष्य या 'जाऊ दे'मध्ये गेलं, असं मोठ्याने बोलायचे. बोलताना पाय हलत असायचा आणि रविवार-सोमवार हे माझ्या सुट्टीचे दिवस आहेत, हे मला एकदाही सुचलं नाही. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी मी रोज दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत होते.

मार्च आला. होळीनंतरच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे गेली. या वेळी मेल मी वाचला होता. मंगळवारपासून क्लास पुन्हा सहा ते सात. मुलं आता वेगळीच झाली होती. खिडक्यांतून ऊन, बाहेर सायकलींचा आवाज, कुणाचं गणितात लक्ष नाही. कुत्र्यावाली मुलगी म्हणाली की आता तो जेवणाच्या वेळेला झोपलेला असतो. ज्या आईला हे सगळं थोतांड वाटत होतं ती या वेळी म्हणाली की ऊन मिळालं तर तासभर झोप गेलेली चालते. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. सातला क्लास संपला की कुकर, चहा, सगळं पूर्वीसारखं. मी आईला म्हटलं, आता सकाळ आपली.

आबा मात्र येत होते आठ-दहाला.

घड्याळ बदललं हे मी आईला सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं, समोरच्या वहिनींना सांगितलं. आबांना वेगळं सांगावं असं मला वाटलं नाही. त्यांचा काय संबंध, ते तर जोडीदारामुळे अडकतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईने आबांना बजावून सांगितलं होतं, उद्या लवकर या, गुढी उभारायची आहे. लिंबायतमध्ये पाडवा आमच्या लोकांपुरताच. खातं चालू असतं, शाळा चालू असतात, अमेरिकाही चालू असते. मी सहा ते सात शिकवलं, क्लास बंद केला, दाराबाहेर रांगोळी घातली. आईने काठीला साडी नेसवली, तांब्या, कडुनिंब, साखरेची गाठी सगळं तयार करून ठेवलं. सात-वीस झाले. साडेसात झाले. समोरच्या वहिनींची गुढी वर गेली, शेजारची गेली. आई काठी धरून दारात उभी आणि मी खोलीत येरझारा घालते आहे. सणाच्या दिवशीही तो माणूस वेळेवर येत नाही म्हणजे हद्द झाली. आई नको नको म्हणत असताना मी चपला घातल्या आणि निघाले. काय काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून पाहिलं. काकांना घालूनपाडून बोलायचं, सगळ्या खात्यासमोर बोलायचं, आबांचं बोट दाखवायचं.

खातं आमच्या घरापासून दहा-बारा मिनिटांवर. गल्लीच्या तोंडाशीच लूमचा आवाज पोटात जाणवायला लागतो. दारात उभ्या असलेल्या माणसाला मी खुणेने सांगितलं, काकांना बोलाव. काका आले. भुवयांवर कापसाचा भुगा, गळ्यात पंचा. म्हणजे ते कामावर होते. मला वाटलं, आत्ताच आले असतील. मी ओरडूनच बोलले, लूमच्या आवाजात ओरडावंच लागतं. म्हटलं, काका, निदान आज तरी वेळेवर यायचं होतं, आबा तुमच्यासाठी रोज तासभर उभे राहतात.

काका मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेटा, मी रोज पावणेसातला येतो. कधी उशीर नाही." आणि हात वर करून त्यांनी रस्त्यापलीकडे दाखवलं.

पलीकडे चहाची लारी. लारीच्या मागे, भिंतीला लागून एक बाकडं. त्या बाकड्यावर आबा बसले होते. डब्याची पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर आणि हनुवटी छातीला टेकलेली. झोपले होते. लारीवाला कप विसळत होता, त्याचं पाणी त्यांच्या पायापाशी येऊन थांबलं होतं.

काका म्हणाले, दिवाळीनंतरपासून असंच चाललंय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पोरगी शिकवते, घरात आवाज होतो, आठला सुटते तिची शाळा. मी म्हटलं, माझ्या खोलीवर जाऊन पडा, तर नको म्हणाले, तिथे पडलो तर दुपारीच उठेन.

रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. बोलायचं म्हणून घोकत आणलेलं सगळं तोंडात होतं आणि ते सगळं आता माझ्यावरच येत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. मग खांद्याला हात लावला.

आबा दचकून जागे झाले. आधी पिशवी पकडली, मग मला पाहिलं. खिशातून बटणांचा फोन काढून वेळ बघितली. आठ वाजायला पंधरा मिनिटं होती. ते म्हणाले, "तुनी शाळा सुटनी का?"

मी म्हटलं, "आबा, आता सातलाच सुटते. मागच्या मंगळवारपासून. तिकडचं घड्याळ पुढे गेलंय."

ते मनातल्या मनात दिवस मोजत असावेत. मी वाट बघत होते, आयुष्यात पहिल्यांदा अगदी हात बांधून वाट बघत होते, की ते रागावतील. रागावले असते तर मला रडता आलं असतं. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "सांगाले जोयजे व्हतं नं, माय."

सांगायला हवं होतं, बस, एवढंच. लारीवाल्याने विचारलं, चहा देऊ का? आबा म्हणाले, नको, आज घरी सण आहे.

घरी येताना मी पिशवी मागितली, त्यांनी दिली नाही. मी त्यांच्या मागून चालत होते. त्यांची मान थोडी डावीकडे कलली होती, बाकड्यावर तशीच राहिली असणार. बाहेर थांबा, आठला संपेल, हे मी चार महिन्यांपूर्वी एकदाच बोलले होते आणि मान न वळवता बोलले होते. त्यांनी ते एखाद्या पाळीसारखं धरलं. जोडीदार आल्याशिवाय निघायचं नाही, तसं पोरीचा क्लास सुटल्याशिवाय घरात शिरायचं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरून येणाऱ्या ओळखीच्या बाईने पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या तर मी मानही हलवली नाही.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आबा थांबले. मला वाटलं, दमले. ते विचार करत होते. म्हणाले, "घड्याळ पुढे गयं, म्हंजे तथला रातपाळीवाला अकरा तासमाच सुटना."

मी म्हटलं, हो, अकरा तासांतच सुटला.

"बरं झायं," ते म्हणाले आणि चालायला लागले.

गुढी उभारली, हात जोडले, कडुनिंबाचं पान खाल्लं. साडेआठला आबा झोपले. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. भाजीची लारी आली तेव्हा उठून गल्लीच्या तोंडाशी गेले आणि भाजीवाल्याला म्हटलं, आज इथे ओरडू नका. तो हसला, पण गप्प गेला. उन्हं पायरीवर आली, अंगणातल्या रांगोळीवर आली, तरी मी उठले नाही. पाय हलत होता. तेवढं काही बदललं नाही.

दोन गल्ल्या सोडून माझ्या मावशीचं घर आहे. ती साड्यांवर टिकल्या लावायच्या कामाला पहाटेच जाते, तिची पुढची खोली सकाळभर रिकामी असते. ती खोली कित्येक वर्षांपासून रिकामीच होती. मला फक्त विचारायचं होतं. त्यानंतरच्या नोव्हेंबरात मी विचारलं, तर मावशी म्हणाली, यात विचारायचं काय, किल्ली घे. तेव्हापासून तिकडे घड्याळ मागे गेलं की मी सकाळी लॅपटॉप घेऊन मावशीकडे जाते आणि मार्चमध्ये घरी परत येते. कॅलेंडरवर ते दोन रविवार मी लाल पेनाने गोल करून ठेवते आणि आबांना वाचून दाखवते. ते दोन्ही वेळा तिकडच्या रातपाळीवाल्याची चौकशी करतात.

पण आई सांगते, आबा अजूनही सकाळी दाराशी आले की आधी थांबतात. कान देऊन ऐकतात, आत कुणी बोलतंय का. मग चपला हातात घेतात आणि वाकून आत येतात. मी मावशीकडे असते तेव्हासुद्धा.